सायकलची पीयूसी

थंडी पडली की माझं डोकं फिरायला लागतं. इतरांना थंडीत हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, तिळाचे लाडू आठवतात. मला एक चिठ्ठी आठवते. तळहातावर मावेल एवढी, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेनानं लिहिलेली, खाली गोल शिक्का मारलेली. ती माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये वर्षभर स्टेपलरखाली पडून आहे.

आज सकाळी चहाचा कप घेऊन वाकडच्या आमच्या बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत आले, तर समोरची इमारत गायब. शेजारच्या गॅलरीतून काकू म्हणाल्या, "किती छान धुकं पडलंय हो! अगदी महाबळेश्वर!" आता काकूंना काय सांगायचं? महाबळेश्वरच्या धुक्यानं घसा खवखवत नाही, आणि त्याला जळक्या कचऱ्याचा आणि डिझेलचा वास येत नाही. मी म्हटलं, "हो ना," आणि आत आले. मोबाइलवर कंपनीचा मेल येऊन पडला होता. हरित सप्ताह जवळ आला आहे, सर्वांनी उत्साहाने सहभागी व्हावे. शेवटी आमच्या साहेबांनी फक्त माझ्यासाठी एक ओळ जोडली होती: "मागील वर्षीप्रमाणे याकूबभाईंना सायकलसह घ्यावे. अहवालात कामगाराचा फोटो बरा दिसतो."

चहा तसाच राहिला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला बाराव्या मजल्यावर, स्वेटर घालून उभी असताना कळलं.

आमची कंपनी कुरुळी फाट्याच्या पुढे आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवते. मी प्रशासनात आहे, म्हणजे कँटीन, गणवेश, बसगाड्या, गेटपास, आणि कुणाच्याच खात्यात न बसणारी सगळी कामं माझ्याकडे. मध्यंतरी परदेशातली गिऱ्हाइकं विचारायला लागली, की तुमची माणसं कामावर कशी येतात? धूर किती करतात? झालं. लगेच हरित प्रवास समिती निघाली आणि सचिव म्हणून माझं नाव पडलं. मी रोज वाकडहून चाकणला एकटी, चार माणसांच्या गाडीत, काचा लावून जाते आणि हरित प्रवासाचं काम बघते. हसा खुशाल. कंपनीची बस आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरून जाते, निम्मी रिकामी जाते, पण साहेब लोक बसनं येत नाहीत, आणि मीही स्वतःला कधीपासून साहेब लोकांत धरायला लागले ते माझं मला कळलेलं नाही.

रस्त्यात मोशीला इंद्रायणीचा पूल लागतो. थंडीत नदीवर फेस असतो, पांढराशुभ्र, जाड. पहिल्यांदा बघणारा माणूस गाडी थांबवून फोटो काढतो. मी आता बघतही नाही. पुलावर ट्रेलरच्या मागे अडकलेली असते, एसीचं बटण दाबून आतलीच हवा आत फिरवत ठेवते, आणि मनात मीटिंगची वाक्यं जुळवते. 'शाश्वत प्रवासाकडे आपली वाटचाल.' वाटचाल कसली, डोंबल! चालतंय कोण इथं?

चालणारी, पायडल मारणारी माणसं मी लहानपणी बघितली आहेत. आम्ही चिंचवडला राहायचो आणि वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. थंडीतल्या सकाळी भोंगा व्हायच्या आधी रस्त्यावरून सायकलींचा लोंढा जायचा. मला अंथरुणात तो ऐकू यायचा: फ्रीव्हीलची टिकटिक, कुणाचं खोकणं, कुणाची घंटी, मधेच एखाद्याचं "अरे सरक की बाजूला!" वडिलांच्या कानटोपीला खोबरेल तेलाचा वास असायचा. पँटला क्लिप, हँडलला रेक्झीनची पिशवी, पिशवीत डबा. कंपनीत सायकलींचा भला मोठा स्टँड होता, वर पत्रे, आणि प्रत्येकाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. त्या वेळी कुणी त्यांना पर्यावरणाचे मित्र म्हटलं नाही. त्यांच्याकडे गाडी नाही असं म्हटलं, एवढंच. पुढे त्यांनी स्कूटर घेतली तेव्हा आईनं तिला हार घातला आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी सुद्धा खाल्ले, त्याचा दोष मी कुणाला देत नाही.

आमच्या कंपनीतही सायकल स्टँड होता. मी लागले तेव्हा त्यात पन्नासेक तरी सायकली असायच्या. मग कमी होत होत एकच उरली. हिरवी, जुन्या धाटणीची, मागे कॅरिअर, चेनकव्हरवर केशरी रंगानं काढलेली दोन फुलं. ती याकूबभाईंची.

याकूबभाई आमच्या टूलरूमचे फिटर. साचा कुठे अडतोय ते कान लावून सांगणारा माणूस. राहायला कुरुळी गावठाणात, चार पिढ्यांपासून, त्यामुळे बोलणं अस्सल मावळी. नवीन पोरं त्यांचं नाव ऐकून हिंदी सुरू करतात, तर हे म्हणतात, "मराठीत बोल की रं, मला काय हिंदी धड येत न्हाई." बाकी सगळे मोटारसायकलवर आले तरी हे सायकलवर. मी एकदा विचारलं, "याकूबभाई, गाडी का नाही घेत?" तर म्हणाले, "शुगर हाय मला. डाक्टर बोलला, सायकल सोडलीस तर गोळ्या वाढतील. आन् खरं सांगू का मॅडम, सकाळच्या पारी शेताच्या कडंनं येताना हरभऱ्याचा वास येतो. थंडीत तर लई. गाडीवर न्हाई येत त्यो."

हरभऱ्याचा वास. मी त्याच रस्त्यानं किती वर्षं जातेय, मला तिथे हरभरा आहे हेच माहीत नव्हतं.

मागच्या थंडीत, नवीन वर्ष लागलं तसं, आमच्या गेटवर नवी यंत्रणा बसली. कॅमेरा, आपोआप उघडणारा दांडा, संगणकावरचा पास. पासचा फॉर्म मी बनवला. वाहनाचा प्रकार: चारचाकी, दुचाकी, सायकल. 'सायकल' हा शब्द मी स्वतः, मोठ्या हौसेनं घातला होता. समितीची सचिव ना मी! बाकीचे रकाने मोकळे सोडता येत होते, पण पीयूसीच्या रकान्यापुढे मी लाल चांदणी ठेवली. पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र. त्याचा नंबर भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. प्रदूषण करणारी एकही गाडी आत येऊ द्यायची नाही, असं मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. ती चांदणी तिन्ही प्रकारांना लागू होतेय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या शिफ्टला याकूबभाई गेटवर आले आणि दांडा उघडेना. गेटवर बालाजी होता, लातूरकडचा, स्वभावानं गरीब. त्यानं मला फोन लावला. "मॅडम, चाचाची सायकल सिस्टीम घेईना गेलीय की. पीयूसी मागायलीय." मला वाटलं गंमत करतोय. मी म्हटलं, "आजच्या दिवस बाहेर लावायला सांग. मी बघते."

बघते. हा शब्द लक्षात ठेवा.

कंपाउंडच्या बाहेर, भिंतीला लागून, कंटेनर उभे राहतात. मधे थोडी मातीची पट्टी आहे. तिथे याकूबभाईंनी सायकल लावली, साखळीनं खांबाला बांधली आणि सात वाजता कामाला लागले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले, हात पुसत. खिशातून ती चिठ्ठी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली.

"पीयूसी आनली मॅडम."

मी चिठ्ठी बघितली. आदल्या दिवशी सुट्टी झाल्यावर हा माणूस सायकल घेऊन पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसीच्या व्हॅनकडे गेला होता. लायनीत उभा राहिला होता. पुढे ट्रक, मागे टेम्पो, मधे हा, सायकल हातात धरून. नंबर आल्यावर व्हॅनमधला माणूस म्हणाला, "चाचा, नळी कुठं घालू?" लायनीतली सगळी माणसं हसली. याकूबभाईंनी त्याला सांगितलं, "तुमी हसा, पर मला कागद द्या. आमच्या मॅडमनं मागितलाय." तेव्हा त्या माणसानं बाद पावतीच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: 'या वाहनास धूर नाही.' खाली सही केली आणि शिक्का मारला.

आणि मी काय केलं? मी हसले. खो खो हसले. याकूबभाईही हसले, मॅडम हसतायत म्हणून. मी म्हटलं, "अहो याकूबभाई, कमाल आहे तुमची!" मोबाइल काढला, चिठ्ठीचा फोटो घेतला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मिनिटाभरात हसण्याच्या चिन्हांचा पाऊस पडला. साहेबांनी लिहिलं, "जबरदस्त! हरित सप्ताहाचं पोस्टर हेच करा."

याकूबभाई अजून टेबलाशी उभे होते. "मंग, होईल न्हवं पास?"

"याच्यावर नंबर नाही ना हो. यंत्रणेला नंबर लागतो. संगणक विभागाला सांगते. बघते मी."

"बरं," म्हणाले. "पर जरा लवकर बघा. भायेर लई कंटेनर मागं-म्होरं होत्यात. भ्या वाटतं."

चिठ्ठी मी ड्रॉवरमध्ये टाकली.

मग आला हरित सप्ताह. सायकल रॅली नऊ वाजता. त्या दिवशी नऊ ते दहा सायकलींना पासमधून सूट, असा आदेश निघाला. टाइप मीच केला होता. साहेब लोकांच्या सायकली वाकडहून, मारुंजीहून मोटारींच्या टपांवर बांधून आल्या. एकेका मोठ्या गाडीत एकेक माणूस आणि टपावर एकेक सायकल. माझ्या मुलीची सायकल माझ्या गाडीच्या डिकीत होती, चाक बाहेर लोंबत, ओढणीनं बांधलेलं. कंपनीच्या अलीकडे एक हॉटेल आहे, तिथे सगळ्यांनी गाड्या लावल्या, सायकली उतरवल्या, हेल्मेटं घातली आणि तिथून गेटपर्यंत पायडल मारत आलो. एका मोटारीचं इंजिन चालूच ठेवलं होतं, ड्रायव्हरला थंडी वाजत होती म्हणून. गेटवर फीत, ड्रोन, केळी आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांतलं पाणी. दांडा वर गेला. आम्ही आत गेलो.

याकूबभाई त्या दिवशीही सात वाजताच आले होते. नंतर बालाजीनं मला सांगितलं, "चाचानं इचारलं, आज तर सायकलचाच दिवस हाय, आज तरी घ्या की आत. मी म्हनलो, सूट नऊपासून हाय चाचा. नऊला आलाव तर जाईल." सात वाजता कामावर येणाऱ्या माणसाला नऊ वाजता ये म्हणणारा कागद माझ्याच सहीचा होता. बालाजीवर कशाला चिडू?

आम्ही आत पोहोचल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "सगळे साहेबच दिसतायत, एखादा कामगार असता तर." मीच म्हटलं, "याकूबभाईंना बोलवा." ते टूलरूममधून आले, हाताला ग्रीस. त्यांच्या हातात साहेबांची सायकल दिली, बारीक टायरची. त्यांना ती धरावी कशी कळेना. "सीटवर हात ठेवा चाचा, आणि हसा." ते हसले. त्यांची स्वतःची सायकल तेव्हा भिंतीच्या पलीकडे होती, हाकेच्या अंतरावर, दोन कंटेनरांच्या मधे.

अजून दोनदा त्यांनी विचारलं. एकदा कँटीनच्या रांगेत, एकदा हळूच, जिन्यात. दोन्ही वेळा मी म्हटलं, "बघते."

सप्ताह होऊन गेल्यावर आठवड्याभरात एका सकाळी कंटेनर मागे घेताना ड्रायव्हरला सायकल दिसली नाही. दिसणार कशी, मागचं चाकच माणसाएवढं. बालाजीचा फोन आला तेव्हा मी आधी "याकूबभाई कुठे आहेत?" असं ओरडले. ते आत होते, मशीनवर. मी बाहेर धावले. सायकल मातीत दाबली गेली होती, चपटी. चेनकव्हरवरचं एक फूल शाबूत होतं. याकूबभाई आले, उकिडवे बसले आणि साखळीचं कुलूप किल्लीनं उघडलं. साखळी गुंडाळून खिशात ठेवली. कुलूप कशासाठी उघडलं ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसेल.

"बगितलं न्हाई तुमी," ते म्हणाले. ड्रायव्हरला म्हणाले का मला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायची गरज नाही.

पुढच्या महिन्यात त्यांच्या पोरानं त्यांना एक जुनी स्कूटी आणून दिली. आरसी होती, विमा होता, पीयूसी होती. पास तिथल्या तिथे झाला. पडद्यावर हिरवं पान आलं आणि खाली ओळ: 'अभिनंदन! आपण पर्यावरणस्नेही प्रवासी आहात.' ती ओळही माझीच. पोस्टर वर्षभर कँटीनमध्ये लागलेलं होतं: साहेबांची सायकल धरून हसणारे याकूबभाई आणि वर त्या चिठ्ठीचा मोठा केलेला फोटो. त्याच्याखाली बसून ते डबा खायचे. दिवाळीनंतर डब्यासोबत गोळ्यांची पट्टीही दिसायला लागली.

तर आज हा मेल. याकूबभाईंना सायकलसह घ्यावे.

मी ऑफिसात पोहोचले ती थेट टूलरूममध्ये गेले. भांडायलाच गेले होते म्हणा, कुणाशी ते ठरलं नव्हतं. त्यांना मेल वाचून दाखवला. म्हटलं, "तुम्ही नाही म्हणा याकूबभाई. स्पष्ट नाही म्हणा. मी आहे तुमच्या मागे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सायकल भंगारात गेली ती तुमाला ठावं हाय. साहेबांची असंल तर तिच्याशेजारी हुबा ऱ्हातो की. मागच्या साली बी तेच केलं. फोटोला काय लागतंय?"

"तुम्हाला राग नाही येत?"

"राग धरून कुटं जाऊ? साचा अडलाय हितं." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तुमी वाईट वाटून घेऊ नका."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी टेबलाशी आले, संगणक उघडला आणि वर्षात पहिल्यांदा त्या फॉर्मची मांडणी बघितली. संगणक विभाग वगैरे काही लागत नव्हतं. चांदणी मीच लावली होती, मलाच काढता येत होती. सायकल या शब्दावर टिचकी मारली, पीयूसीपुढची चांदणी काढली, जतन केलं. दोन मिनिटं. घड्याळात बघून सांगते, दोन मिनिटं लागली. माझ्या सगळ्या 'बघते'ची किंमत दोन मिनिटं होती आणि ती मी दिली नाही, कारण मला ते काम कधी घाईचं वाटलंच नाही. एका म्हाताऱ्या माणसाची सायकल! गंमतच होती ती माझ्यासाठी.

मग साहेबांना मेल लिहिला. 'याकूबभाई यंदा फोटोत नसतील. त्यांची सायकल आपल्या नियमामुळे गेटबाहेर राहिली आणि कंटेनरखाली गेली. नियम मी केला होता. पोस्टर आज उतरवत आहे.' पाठवला, आणि कँटीनमध्ये जाऊन खुर्चीवर चढून पोस्टर खाली ओढलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. वाढपी बघत राहिले.

सुट्टीच्या वेळी याकूबभाईंना गाठलं. मला धाप लागली होती. म्हटलं, "फॉर्म दुरुस्त झाला. आता सायकलला पीयूसी लागत नाही. मी तुम्हाला नवी सायकल घेऊन देते, तुम्ही..."

"बरं झालं गाठ पडली," ते मधेच म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं कोण जाणे. शर्टच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, अगदी तसाच.

"स्कूटीची पीयूसी संपली हुती. काल नवी काढली, लायनीत हुबा ऱ्हाऊन. तेवढी भरून घ्या मॅडम." मग कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "या टायमाला नंबर बी हाय बगा."